देवगावची खोली, गारखेड्याचा आवाज

आमच्या इमारतीत नळाला पाणी यायचं, त्या दिवशी माझा रेडिओ बहिरा व्हायचा. शहरातल्या आमच्या गारखेड्यात तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी सुटायचं, आणि सुटलं की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम घुर्र करून चालू व्हायच्या. आमच्या हौदातली, शेजारच्या बंगल्यातली, पलीकडच्या नव्या इमारतीची. माणसांना तो आवाज सुखाचा वाटायचा. मला हेडफोनमध्ये नुसती तापल्या तेलासारखी चरचर ऐकू यायची आणि तिच्याखाली बोलणारी माणसं बुडून जायची.

मी हौशी रेडिओवाली. म्हणजे गाणी-बातम्या ऐकणारी नव्हे. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलणारी. कॉलेजात असताना आमच्या एका सरांनी हा नाद लावला. पुढं मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून परगावी गेली, पण सकाळचा चहा आणि रेडिओ ही जोडी काही सुटली नाही. रोज सकाळी आमची काहीजणांची बैठक हवेत भरायची. कोणी नगरकडचा, कोणी अकोल्याचा, कोणी सांगलीचा. कामाचं बोलणं काहीच नसायचं. कोणाचा आवाज किती स्पष्ट येतोय, कोणी नवी अँटेना कशी बांधली, कोणाच्या घरी काय शिजलंय, एवढंच.

बैठक चालवायचे एक वयस्कर दादा. बीडकडच्या एका लहान गावात राहायचे. लहानपणीच त्यांची दृष्टी गेलेली. सेट त्यांनी बोटांनी चाचपून स्वतः जोडलेला, आणि त्याची ताकद सायकलच्या दिव्याएवढी. तरी एकेकाला आवाजावरून ओळखून बोलवायचे. प्रत्येकाला पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडं आभाळ कसंय?" त्यांना ते दिसत नव्हतं, म्हणून आम्ही सगळे नीट खिडकीतून बघून सांगायचो. माझे वडील गेले तेव्हा मी बरेच दिवस रेडिओला हात लावला नव्हता. ज्या दिवशी परत बसले, त्या दिवशी दादांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आज ताई आधी बोलतील. बाकीचे थांबा." मग मी वडिलांबद्दल पुष्कळ वेळ बोलले, आणि मध्ये कोणीही बोलायचं बटण दाबलं नाही.

तर अशा माणसाचा आवाज मला ऐकू येईनासा झाला.

एकदम नाही, हळूहळू. शहर वाढत होतं. आमच्या मागचं मोकळं मैदान गेलं, तिथं दोन इमारती आल्या. हमरस्त्यावर झगमगणारे फलक लागले. घरोघरी स्वस्तातले नवे दिवे, इन्व्हर्टर, चार्जर आले. यातली प्रत्येक वस्तू हवेत थोडीथोडी घाण सोडते. डोळ्यांना दिसत नाही, कानांना लागते. मी हार मानणाऱ्यातली नाही. खिशातला रेडिओ घेऊन मी जिन्याने वरखाली फिरले, दारादारापाशी तो लावून ऐकला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा स्वयंपाकघरातला दिवा बदलून दिला. तळमजल्यावरच्या काकांच्या इन्व्हर्टरच्या वायरीला लोहचुंबकी मातीच्या, गोंगाट अडवणाऱ्या कड्या बसवल्या. काका म्हणाले, "बाई, यानं लाइट बिल कमी होतं का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. एक आवाज बंद केला की पुढच्या महिन्यात दोन नवे सुरू व्हायचे.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. पाणी आणखी लांबलं. टँकर मागवायचे तर साठवायला जागा हवी, म्हणून गच्चीवर चार नव्या टाक्या बसवायचं सोसायटीत ठरलं. गच्चीवर माझी तार होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमचे अध्यक्ष भला माणूस. घरी आले, पाणी घेतलं, जरा चुळबुळले आणि म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच सांगा. पाणी आधी का तार आधी?"

"पाणी आधी," मी म्हटलं. "तार मी स्वतःच उतरवते."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन तार गुंडाळली. नवरा शिडी धरून उभा होता. तो म्हणाला, "संपलं म्हणायचं का मग?" मी म्हटलं, "तार काढलीय. रेडिओ नाही काढला."

बाल्कनीत आखूड तार लावून मी रोज बसत राहिले. माझं बोलणं कसंबसं बाहेर पोचायचं, पण आत काहीच यायचं नाही. एके सकाळी हेडफोन लावून बसलेली असताना फोन वाजला. अकोल्याचे मित्र होते. "ताई, कुठं आहात? दादा तुम्हाला तीनदा हाक मारून थांबलेत. बरं नाही का तुम्हाला?"

मी तिथंच होते. कान लावून होते. आणि हाका मला ऐकूच आल्या नव्हत्या. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आता इथून होणार नाही, दुसरीकडून करायचं, हे मी त्याच खुर्चीत बसून ठरवलं.

माझी नणंद देवगाव रंगारीला असते. नवऱ्याची मोठी बहीण. मीही तिला अक्काच म्हणते. तिचे यजमान लवकर गेले, मुलगा वाळूजला कंपनीत लागला आणि तिकडंच राहतो. शेती ती एकटी बघते. कपाशी, मका, आणि पाणी असेल तेव्हा अद्रक. त्या वर्षी अद्रक लावलंच नव्हतं. विहिरीनं संक्रांतीच्या आधीच तळ दाखवला होता.

रविवारी मी बॅटरीवरचा रेडिओ आणि तारेचं बंडल घेऊन देवगावला गेले. तार लिंबाच्या झाडावरून घराजवळच्या, विहिरीच्या मोटारीच्या खोलीवर टाकली आणि बांधावर बसून हेडफोन लावला. पहिल्यांदा वाटलं, रेडिओ बिघडला. काही आवाजच नाही. मग आवाजाचं बटण थोडं फिरवलं, आणि अगदी शेजारी बसल्यासारखे दादा बोलले. कोणाला तरी कांद्याच्या भजीत ओवा घालायचा की नाही ते सांगत होते. मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की अक्का घरातून धावत आली.

"काय झालं गं वैनी? चावलं काय काही?"

मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिनं जरा वेळ ऐकलं. "कोण हाय हे?"

"बीडकडचे दादा."

"लई लांबून बोलायले की. पण ओळखीच्यासारखे बोलायले."

अडचण एवढीच होती की मी रोज देवगावला जाऊ शकत नव्हते. नोकरी शहरात, घर शहरात, आणि कन्नडच्या रस्त्यानं येऊन-जाऊन अर्धा दिवस मोडणार. पण सेट देवगावात ठेवायचा आणि तो गारखेड्यातून इंटरनेटवरून चालवायचा, असं जगात लोक करतात हे मला माहीत होतं. तिकडं रेडिओला छोटा संगणक जोडायचा. तो इंटरनेटवरून माझ्या घरच्या संगणकाशी बोलतो. मी इथं पडद्यावरचं बटण फिरवलं की तिथला रेडिओ फिरतो. मी इथल्या माइकमध्ये बोलले की आवाज इंटरनेटनं देवगावला जातो आणि तिथल्या अँटेनावरून हवेत सुटतो. हवेतून आलेलं उत्तर तसंच उलट माझ्या कानात. वाचायला सोपं. माझ्या ओळखीत कोणी केलेलं नव्हतं.

अक्काला विचारलं, "मोटारीची खोली द्याल का?"

"मोटार काढून ठेवलीय. खोलीत काय हाय, उंदरं. घे की." मग थांबून म्हणाली, "पण ते जळंल-बिळंल नाय ना?"

"नाही जळणार. मी जबाबदार."

"तू शहरात, खोली इथं. जबाबदार तू कशी?"

मी हसले आणि खोली मोजायला घेतली.

पुढचे बरेच रविवार आम्ही नवरा-बायको देवगावलाच होतो. शेताची वीज केव्हा येईल केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून छतावर सोलरचा पत्रा आणि आत बॅटरी बसवली. उंदरांसाठी वायरी लोखंडी नळीतून घेतल्या. मोबाइलचा टॉवर गावाच्या पलीकडच्या टेकाडावर होता. त्याच्याकडं तोंड करून खांबावर पेटी लावली तेव्हा कुठं इंटरनेट धड मिळालं. परवान्यावर या जागेची नोंद करून घेतली. त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात नवऱ्यानं खांबाला दोनदा रंग दिला. माझ्या सेटचा नंबर नाही की नाव नाही असं गुपचूप काम मला करायचं नव्हतं.

पहिल्या सकाळी गारखेड्यातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर देवगावच्या हवेतले आवाज दाखवणारी पट्टी सरकायला लागली. दादांनी नावं घ्यायला सुरुवात केली. माझी पाळी आली. मी बोलले. मधल्या इंटरनेटमुळं माझा शब्द क्षणभर उशिरा पोचायचा, त्यामुळं मी आणि सांगलीचे एकदमच बोललो. सगळे हसले. मग दादा म्हणाले, "ताई, आज तुम्ही लई स्वच्छ येताय. घर बदललं काय?"

"घर तेच आहे दादा. आवाजानं घर बदललंय."

त्याच दुपारी अक्काचा फोन. "वैनी, गावात बोभाटा झालाय. सकाळी शेजारचा गडी बांधावरून चालला होता, कुलूप लावलेल्या खोलीतून बाईमाणूस बोलायलं म्हणून पळत आला." खोलीतल्या सेटचा स्पीकर मी चालूच ठेवला होता, इंटरनेटवरून माझा आवाज तिथं पोचत होता, तो बाहेर ऐकू येत होता. "मी त्याला म्हणलं, आमची भावजय हाय, शहरातून बोलायली. तर म्हणतो, मग खोलीत कोण हाय?" अक्का पोट धरून हसत होती. पुढच्या रविवारी मी स्पीकर बंद करायला निघाले, तर ती म्हणाली, "राहू दे. मला ऐकू येतं ते बरं वाटतं. ओट्यावर माणसं बसल्यागत."

ही गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण उन्हाळा आला, हवेतली खरखर वाढली, आणि आवाज पुढं जावा म्हणून मी सेटची ताकद वाढवली. एका सकाळी बोलता बोलता पडदा गोठला. इंटरनेट तुटलं होतं. मी थांबले, पुन्हा जोडायचा प्रयत्न केला. तेवढ्यात अकोल्याचा फोन. "ताई, तुमचा सेट अडकलाय. नुसता वाहायलाय. कोणालाच बोलता येईना."

झालं होतं असं: माझ्याच अँटेनातून सुटलेली ताकद उलट फिरून इंटरनेटच्या पेटीत आणि संगणकात शिरली, दोन्ही थिजले, आणि बोलायचं बटण दाबलेल्या अवस्थेतच राहिलं. सगळ्यांच्या जागेवर माझा मुका सेट बसला होता. शिवाय तो तापत होता. बॅटरी, लाकडी फळी, बाहेर वाळलेला कडबा. मी इथं गारखेड्यात, हातात काहीही नाही.

अक्काला फोन लावला. तिच्या मागं बायकांचा कल्लोळ ऐकू येत होता. गावात टँकर आला होता आणि ती रांगेत होती.

"अक्का, खोलीतला सेट बंद करावा लागंल. आत्ता. बॅटरीवरचं लाल खटक्याचं बटण खाली ओढा."

"आत्ता? माझा नंबर येयलाय गं."

"अक्का, तापतोय तो."

 फोन तसाच चालू राहिला आणि मला तिचं धावणं ऐकू येत होतं. चपलांचा आवाज, धापा, कुत्रं भुंकलेलं, मग कुलपाची खडखड. मग ती म्हणाली, "वढलं. विझली लाल बत्ती." आणि जरा वेळानं, "लई गरम झालाय वैनी. हात लावायला नाय जमत."

ती परत गेली तोवर टँकर रिकामा झाला होता. शेजारणींनी तिला आपापल्या वाटणीतलं थोडं थोडं दिलं, पण ते मागून घ्यावं लागलं याचं तिला वाईट वाटलं, हे मला तिनं फोन पटकन ठेवला त्यावरून कळलं.

रविवारी आम्ही पाण्याचे मोठे कॅन गाडीत भरून नेले. अक्कानं ते उतरवून घेतले आणि ओट्यावर बसली. "बस. आता सांग मला, तू जबाबदार कशी?"

मी सगळी दुरुस्ती तिच्यासमोर मांडली. ताकद परत कमी करायची. प्रत्येक वायरीला कड्या बसवायच्या. एक छोटं सर्किट मी जोडून आणलं होतं: इंटरनेटवरून 'मी आहे, मी आहे' असा इशारा सारखा येत राहिला तरच सेटला वीज मिळणार; इशारा थांबला की वीज तुटणार, कोणी धावायची गरज नाही. आणि राहिलं होतं ते अर्थिंग. आता वळवाचे ढग यायला लागले होते, विजा पडणार. खांबापाशी मी तांब्याची कांब ठोकली होती, पण जमीन इतकी वाळलेली की तिला वीज पोटात घेता येईना. मी मीठ आणि कोळसा आणला होता. खड्डा भरायचा आणि वरून पाणी ओतत राहायचं.

"किती पाणी?" अक्कानं विचारलं.

"दर दोन-चार दिवसांनी घागरभर."

ती उभीच राहिली. "माणसाला प्यायला नाय अन् तू जमिनीला पाजतीस? त्या कॅनमधला एक थेंब खड्ड्यात जाणार नाय. सांगून ठेवते."

नवरा मध्ये पडायला लागला, तिनं त्यालाही गप्प केलं. मी दुसरी कांब हातात घेऊन उन्हात उभी. खरं तर ती बरोबर होती आणि कांबेला ओल हवी हेही बरोबर होतं. मी घराभोवती एक चक्कर मारली. मागल्या बाजूला मोरीचं सांडपाणी कडीपत्त्याच्या आळ्यात सोडलेलं होतं. सगळं रान करपलं होतं, पण तेवढं आळं काळं ओलसर होतं. अक्का माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. आम्ही दोघींनी एकदमच तिकडं बघितलं.

"तिथं ठोक," ती म्हणाली. "मोरीचं पाणी तसंबी तिथंच मुरतंय. पण मुळी तुटली तर तुला सोडणार नाय."

खोलीपासून आळ्यापर्यंत जाडजूड तांब्याची पट्टी न्यावी लागली. चर खणायला जमीन कुदळीला जुमानत नव्हती. नवरा थकला की मी, मी थकले की अक्का. संध्याकाळी मीटर लावला तेव्हा काटा जिथं हवा तिथं आला. अक्कानं मीटर माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून बघितला.

"आता मला हे सगळं नीट शिकव," ती म्हणाली. "नुसतं लाल बटण नको. बटणामागं काय हाय ते सांग. उद्या आभाळ गरजलं तर तू तिथून तार काढणार हायेस व्हय?"

असं तिचं शिक्षण सुरू झालं. ती दहावी झालेली, पण त्याला चाळीस वर्षं होत आली होती. दुपारी ती तूर निवडत बसायची, फोन शेजारी पालथा ठेवून, आणि मी तंत्रनिकेतनातल्या मधल्या सुट्टीत तिला शिकवायची. विजेचा दाब तिला पाटाच्या पाण्यावरून कळला. वारंवारता मात्र काही केल्या कळेना. आठवडाभर आम्ही त्यावरच अडकलो होतो. शेवटी तिनं स्वतःच सेटचं बटण फिरवून वेगवेगळ्या जागी ऐकलं आणि म्हणाली, "समजलं. प्रत्येकाचा बांध वेगळा." नियम तिला सगळ्यात जड गेले. लांबलचक इंग्रजी वाक्यं. ती चिडायची. "हे सरळ 'बोलू नका' असं का लिहीत नाय?"

परवाना नसल्यामुळं ती फक्त ऐकू शकत होती, आणि हा नियम तिनं कसोशीनं पाळला. दादांनी एकदा मला विचारलं, "तुमच्या नणंदबाई आहेत का शेजारी?" मी म्हटलं, "त्या खोलीत आहेत, मी शहरात आहे. त्या ऐकतायत." दादा म्हणाले, "ऐकणं हेच आधी शिकायचं असतं."

पहिल्या परीक्षेला ती एसटीनं शहरात आली, इस्त्रीची साडी नेसून. निकाल लागला, रेडिओच्या भागात पास, नियमांच्या भागात नापास. मला वाटलं, आता ती सोडून देईल. मी फोनवर समजुतीचं काही बोलायला लागले, तर तिनं तोडलं. "ते राहू दे. पुढची परीक्षा कधी हाय?" नियमांचं पुस्तक तिनं मुलाकडून मराठीत लिहून घेतलं, आणि मग मराठीवरून परत इंग्रजी पाठ केलं. दुसऱ्या वेळी पास झाली. परवाना हातात यायला पुष्कळ महिने लागले; तेवढ्यात आणखी एक पावसाळा कोरडा गेला. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा तिनंच त्यांना खोली उघडून दाखवली, चहा पाजला आणि विजेपासून खांब कसा वाचवलाय ते समजावून सांगितलं. त्यातल्या एकानं विचारलं म्हणे, "मावशी, हे कशासाठी?" ती म्हणाली, "बोलायसाठी."

परवाना आला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात टॉवर बंद पडला. मोठं वादळ झालं, पाऊस नाहीच, नुसता वारा आणि धूळ. खांब पडले, देवगावच्या भागात वीज नाही, मोबाइल नाही. गारखेड्यात माझा पडदा कोरा. अक्काचा फोनही लागेना. नवरा म्हणाला, "दुपारी जाऊन येऊ." तोवर मला बसवेना.

मग सुचलं. दक्षिणेकडं एका हौशी माणसानं आपला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. कोणीही जाऊन त्याच्या कानानं ऐकावं. तो मी उघडला आणि आमच्या बैठकीच्या जागी आणला. आवाज पातळ होता, लाटेसारखा वरखाली होत होता. दादा नावं घेत होते. माझं नाव आलं. मी बोलू शकत नव्हते.  आणि मग देवगावच्या खोलीतून, सोलरच्या बॅटरीवर, माझ्या अँटेनावरून अक्का बोलली.

आधी तिनं आपला परवान्याचा क्रमांक सांगितला, अगदी परीक्षेतल्यासारखा सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाली, "दादा, नमस्कार. वैनीचं इंटरनेट गेलंय. म्हणून आज मी आलेय. वादळ झालं, पत्रे उडाले, पण माणसं समदी ठीक हायेत."

 मग दादा म्हणाले, "या अक्का, या. तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकतोय, पण तुम्ही आमच्यात कधीपासून बसलेल्या आहात." आणि त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. अक्कानं उत्तर द्यायला वेळ घेतला. ती दाराबाहेर जाऊन बघून आली असणार. "पिवळं हाय दादा. धुळीनं पिवळं. पण उगवतीला जरा काळं दिसायलंय."

नवरा माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. देवगावातून निघालेला त्याच्या बहिणीचा आवाज शेकडो मैल दक्षिणेला जाऊन तिथून आमच्या गारखेड्याच्या टेबलावर आला होता. तो एवढंच म्हणाला, "आता दुपारी जायची घाई नाही."

तरी आम्ही गेलोच. खांब वाकला होता, तार शाबूत होती.

पाऊस त्या वर्षी उशिरा पण बरा झाला. विहिरीला पाणी आलं, अक्कानं परत अद्रक लावलं, आणि मोटारीला तिची खोली परत द्यावी लागली. सेट घरात पुढच्या खोलीत आणला. नवी जागा अक्कानं ठरवली, खांबाचं ठिकाण तिनंच मापलं, आणि मी तार कुठून न्यावी याबद्दल बोलायला लागले तेव्हा म्हणाली, "थांब, मी मोजलंय." आता शिवारातल्या आणखी दोन बायका तिच्याकडं दुपारी शिकायला येतात. त्यातली एक तिच्यापेक्षा चलाख आहे, असं ती स्वतःच सांगते.

मी अजून गारखेड्यातूनच देवगावचा सेट चालवते. आमच्या इमारतीशेजारी आणखी मजले चढलेत, गच्चीवर आणखी टाक्या आल्यात; मला आता त्यांचं काही वाटत नाही. परवा सकाळी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर संदेश आला: सेट वापरात आहे. अक्का आधीच बसली होती. श्रीलंकेतल्या कोणाशी तरी तिच्या त्या सुट्या सुट्या इंग्रजीत बोलत होती, आणि त्याच्याकडं अद्रक कोणत्या महिन्यात लावतात ते विचारत होती. मी चहा ठेवला आणि माझी पाळी येईपर्यंत ऐकत बसले.